३१ डिसेंबर, पंधरा माणसं आणि शहापूरचं रोट्टी केंद्र

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा बेळगावात राहणाऱ्यांना माहितीच आहे, घरात कधी कोण येऊन थडकेल सांगता येत नाही. पुण्यातले सुट्टी टाकून येतात, गोव्याला निघालेले "वाटेतच पडतंय की बेळगाव" म्हणत मुक्कामाला उतरतात, आणि डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सुवर्ण विधानसौधाच्या कृपेनं लॉजं आधीच फुल्ल असतात, म्हणजे "हॉटेलात उतरा" म्हणायचीही सोय नाही. बरं फोन येतो दुपारी चारला. "वहिनी, रात्री येतोय आम्ही, काही करू नका हं, साधंच काहीतरी." आणि गाड्या उभ्या राहतात तीन.

अशा वेळी मी काय करते तर शहापुरात आमच्या बाजूच्या गल्लीत एक रोट्टी केंद्र आहे तिथं जाते. त्याचाच हा रिव्ह्यू. नाव लिहिलं असतं पण त्याला नावच नाही ओ, बोर्डही नाही, भिंतीवर चुन्यानं कन्नड आणि मराठीत "रोट्टी मिळेल" एवढंच. घराचीच पुढची खोली, आत तीन-चार बायका, परातीत पीठ, आणि दारातच कडक रोट्टीच्या बुट्ट्या. अक्काला मराठी चांगलं येतं पण मोजताना कन्नडच, ऐदु, हत्तु, हदिनैदु करत पाचापाचानं मोजून वर एक जास्तीची ठेवते, वाटेत मोडली तर म्हणून. हे मला लई आवडतं.

आता रोट्टीबद्दल. कडक रोट्टी म्हणजे शिळी भाकरी वाळवलेली असं पुण्याच्या लोकांना वाटतं, तसं काही नाही. इथं समोर बसून बघा एकदा. भाकरी एकदम पातळ थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात, उलटली की फडक्याची घडी करून कडेकडेनं दाबत बसतात, फुगू देत नाहीत, आणि मग मंद आचेवर सगळा ओलावा जाईपर्यंत ठेवतात. ओलावा गेला म्हणूनच ती टिकते, डबा घट्ट लावला तर पंधरा-वीस दिवस काही होत नाही. इथली रोट्टी इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसतील, आणि कुठंही जळका डाग नाही. ज्वारी विजापूरकडची आणतात म्हणे. आम्ही मूळचे खानापूरकडचे, भातवाले, आमच्या आईला अजून भाकरी धड थापता येत नाही, तरी या रोट्टीत खोट काढायला तिलाही जमलं नाही.

आणि पार्टीसाठी हाच मुद्दा मोठा आहे. ३१ तारखेला रात्री बाहेरून बिर्याणी मागवायची म्हणजे काय होतं? मागच्या वेळी एका ठिकाणी ऑर्डर दिली होती (नाव नको), साडेआठला सांगितलेलं जेवण अकरा वाजले तरी पत्ता नाही, आलं तेव्हा पोरं झोपेला आलेली आणि भात गार. रोट्टीला गार व्हायची भीतीच नाही, ती गारच खायची असते! नऊला कोणी खातंय, कोणी साडेदहाला, कोणी गच्चीवर ताट घेऊन बसलंय, कोणाला परत गरम करून वाढायला नको की पोळ्या लाटत ओट्याशी उभं राहायला नको. मीपण बसते चक्क सगळ्यांबरोबर.

तिथून काय घ्यायचं सांगते. कडक रोट्टी आहेच, १० रुपयाला एक, पंधरा माणसांना चाळीस पुरतात कारण पोरं अर्धी खातात आणि पुण्याचे पाहुणे आधी "एकच दे" म्हणतात आणि मग तीन खातात. शेंगाचटणी डोळे झाकून घ्या, लसूण सढळ हातानं घातलेला, उखळात कुटल्यासारखी जाडसर, आणि बॅडगी मिरचीचा रंग लालभडक पण तोंड भाजत नाही. वर दही घातलं की झालं. कारळ्याची चटणी पण चांगली पण ती आपल्या वयाच्या लोकांनाच आवडते. रंजका म्हणजे लाल मिरचीचा ठेचा, तो जपून घ्या, लई तिखट आहे, आमच्या जावईबापूंनी लोणचं समजून चमचाभर घेतला होता, पुढचं बोलणं संपलंच.

भरली वांगी मात्र मला पटत नाहीत. मसाला छान असतो, शेंगदाणे-तीळ सगळं बरोबर, पण तेल! डब्यात वर बोटभर तवंग. एण्णगाईत (भरल्या वांग्यांना कन्नडमध्ये हेच म्हणतात) तेल असणारच हे मान्य, पण एवढं नको ओ. शिवाय गरम भाजी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात, म्हणून स्टीलचा डबा घरून घेऊनच जायचं. आणि सहानंतर गेलात तर भाजी संपलेली असते, अक्का सरळ "इल्ल री" म्हणून मोकळी. त्यापेक्षा मी मडकीची म्हणजे मटकीची उसळ घरीच कुकरला लावते, मडकी भिजलेली नसली तर झुणका, वीस मिनिटांत होतो. बाकी कच्चा कांदा, काकडी, मेथीची कोवळी पानं धुवून ताटात तशीच ठेवायची, थंडीत मेथी स्वस्त पण असते. पोरांसाठी चिरमुऱ्याचा सुसला. शेवटी कुकरभर खिचडी कारण कोणीतरी "भात नाही का" विचारतंच, आणि ते बहुतेक आमच्याच घरातलं असतं.

गोडाचं बेळगावात टेन्शनच नाही. कुंदा अर्धा-पाऊण किलो आणायचा, कुठल्या दुकानाचा यावरून घराघरात भांडणं आहेत म्हणून मी त्यात पडत नाही, फक्त वाढायच्या आधी जरा कोमट करा, खवा मऊ पडतो आणि वास येतो मस्त. फ्रीजमधून काढून तसाच दगडासारखा वाढू नका.

मऊ भाकरी पाहिजे असेल तर सकाळी दहाच्या आत सांगावं लागतं, ऐनवेळी मिळणार नाही, भांडून उपयोग नाही. शेवटच्या आठवड्यात कडक रोट्टीसुद्धा दुपारपर्यंत अर्ध्या बुट्टीवर येते कारण गोव्याला जाणारे पण गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जातात. पैसे द्यायला क्यूआर चिकटवलेला आहे पण खोलीत रेंज नाही, सुटे घेऊन जा. रविवारी दुपारनंतर बंद. आणि पावसाळ्यात हीच रोट्टी घेतली तर सादळते, तव्यावर एकदा शेकून घ्या, डिसेंबरात तो प्रश्न येत नाही.

पाचापैकी चार. एक वांग्याच्या तेलाचा कापला.

३१ला बाराच्या सुमाराला पोरं सगळी ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला रस्त्यावर असतात, ते बघून वर आली की परत भूक लागते त्यांना, तेव्हा पाच-सहा रोट्ट्या आणि वाटीभर चटणी आधीच बाजूला लपवून ठेवा, नाहीतर मोठी माणसं गप्पा मारता मारता संपवतात.