पहिलाच फ्लॅट भाड्याने देताना: भाडेकराराची ई-नोंदणी सेवा

राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्स करारांची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देणाऱ्या भाडेकरारांची) ई-नोंदणी सेवा मी पुण्यात वारज्यातील वन बीएचके फ्लॅटसाठी वापरली असून, गुंतवणूक म्हणून पहिलेच घर घेतलेल्या प्रत्येकाला ती मनापासून सुचवेन. फ्लॅट स्वतः सांभाळायचा की दरमहा भाड्यातील ठरावीक टक्के मागणाऱ्या व्यवस्थापन कंपनीकडे सोपवायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. परंतु कंपनीच्या कामांपैकी सर्वांत मोलाचे काम, म्हणजे करार रीतसर नोंदवणे, मालकाला घरबसल्या करता येते हे कळल्यावर निर्णय सोपा झाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसताना वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे ‘नोटरी केली की चालतं’ असे सांगणाऱ्या एजंटाला पहिल्या भेटीतच नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा हिशेब कोणालाही करता येतो. महिना 20,000 रुपये भाडे, 1 लाख अनामत आणि 11 महिन्यांची मुदत धरली, तर एकूण भाडे 2,20,000 रुपये होते. त्यात अनामतीवर वार्षिक 10 टक्के दराने धरलेले सुमारे 9,167 रुपये व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर 0.25 टक्के, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास मुद्रांक शुल्क लागते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये असून दस्त हाताळणी शुल्क वेगळे असते. माहिती भरून झाल्यावर दोन्ही पक्ष व साक्षीदार यांचे आधारशी जुळवलेले अंगठ्याचे ठसे आणि वेबकॅमवरील छायाचित्रे घेतली जातात. थंब मशिन घरी नसल्यास ते घेऊन येणाऱ्या एजंटाला फक्त तेवढ्याच कामाचे पैसे द्यावेत, मसुदा मात्र स्वतः वाचावा. नळ, गिझर, पंखे, किल्ल्या यांची यादी, रंगकामाचा खर्च, नोटिशीचा कालावधी आणि अनामत परत करण्याची मुदत हे सारे करारात नेमकेपणाने आले, तर फ्लॅट रिकामा होताना होणारी बहुतेक भांडणे टळतात.

ही सेवा भाडेकरूची पारख करून देत नाही. नोकरीच्या ठिकाणची चौकशी आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे ही कामे मालकालाच करावी लागतात.

अजून खरेदीच व्हायची असेल, तर भाड्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. फ्लॅट भाड्याने दिल्यावर गृहनिर्माण संस्था सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) आकारू शकते, आणि पुणे महापालिकेच्या मिळकतकरातील 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठीच आहे. मेंटेनन्स, कर आणि वर्षातून एखादा रिकामा महिना वजा करूनच कर्जाच्या हप्त्याशी तुलना करावी आणि त्यानंतरच टोकन द्यावे.