केऑस इनकार्नेट: चौघांच्या डावात बाकीच्यांना झुंजवणारा डेक

'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचे पाच स्टार्टर कमांडर डेक, म्हणजे नवख्यांसाठी तयार कार्डसंच, डिसेंबर २०२२ मध्ये आले. त्यातले चार आमच्या घरात आहेत. मिसिसागातल्या हिवाळ्यात शनिवारी बाहेर पडवत नाही, मग जेवणं उरकली की टेबल पुसून आम्ही चौघं डाव मांडतो. प्रत्येक डेकचं एक प्रमुख पात्र असतं, तो कमांडर. भाऊजींकडे ड्रॅगनवाली अटार्का, जाऊबाईंकडे सैनिक जमवणारी एमारा, माझ्या मुलाकडे इस्पेरिया आणि माझ्याकडे लाल-काळा 'केऑस इनकार्नेट', कमांडर कार्डूर. चौघांचा डाव खेळायला शिकायचंय ना? मग पाचांतला हाच डेक घ्या.

कमांडर या खेळप्रकारात प्रत्येकाला ४० लाइफ, ती संपली की खेळाडू बाद. म्हणजे समोर तिघं मिळून १२० झाले, आणि तयार डेकच्या जोरावर तेवढं एकट्याने संपवणं फार अवघड. नवा माणूस काय करतो? पहिल्याच संधीला सगळ्यात मोठं क्रीचर (लढणारं पात्र) उतरवतो, सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि तिघं मिळून त्यालाच आधी संपवतात. कार्डूर ही खोड मोडतो. तो चार मानात (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी, जमिनींच्या कार्डांतून मिळणारी शक्ती) येतो आणि आल्याबरोबर, माझी पुढची टर्न येईपर्यंत, बाकीच्यांच्या क्रीचरना हल्ला करावाच लागतो. तोही माझ्यावर नाही, दुसऱ्या कुणावर तरी. त्यात हल्ला करणारं एखादं क्रीचर मेलं की तिघांचं एकेक लाइफ जातं आणि माझं एक वाढतं.

यातली खरी मजा मला उशिरा कळली. हल्ला करणारं क्रीचर टॅप होतं (कार्ड आडवं होतं, मग ते हल्ला अडवू, म्हणजे ब्लॉक करू शकत नाही) आणि त्याच्या मालकाची पुढची टर्न येईपर्यंत तसंच राहतं. म्हणजे टर्न फिरून माझ्याकडे येते तेव्हा समोर ब्लॉक करायला फारसं कुणी उरलेलं नसतं! त्यामुळे कार्डूर चार माना जमले म्हणून घाईने उतरवायचा नाही. समोरची टेबलं भरू द्यायची, आपण गप्प बसायचं आणि पुढच्या टर्नच्या हल्ल्याची तयारी हातात असली की मगच तो काढायचा.

अटार्का उतरल्यावर तर लगेच. ती ६/४ (मार ६, सहनशक्ती ४) आहे आणि हल्ला करताना तिला डबल स्ट्राइक (दुहेरी मार) मिळतो, म्हणजे एका फटक्यात १२. एकाच कमांडरकडून २१ कॉम्बॅट डॅमेज बसलं की खेळाडू बाद, म्हणजे दोन फटक्यांत कुणीतरी जाणार. मात्र तिने कुणावर जायचं ते भाऊजी ठरवतात, मी नाही. माझ्या मुलावर हल्ला केला की इस्पेरियामुळे त्याला कार्ड काढता येतं, म्हणून भाऊजी बहुतेक वेळा जाऊबाईंवरच जातात. टेबलावर कोणाचा कमांडर काय करतो हे आधी वाचून ठेवायचं ते यासाठीच. कार्डूर फक्त दार बंद करतो, वाट प्रत्येक जण आपापल्या सोयीने निवडतो.

कार्डूरची जादू येतानाच चालते, त्यामुळे तो मेला तर वाईट वाटून घेऊ नका. कमांड झोनमधून (कमांडरच्या राखीव जागेतून) दर वेळी दोन माना जास्त देऊन तो परत येतो, आधी सहा, मग आठ. मी व्हिसेरा सीअर हे एक कार्ड घातलं आहे, म्हणजे हवं तेव्हा कार्डूरचा बळी देऊन त्याला पुन्हा उतरवता येतं. हे एक कार्ड तेवढं जरूर घाला.

तक्रार जमिनींची. दोन रंगांचे माना देणाऱ्या बऱ्याच जमिनी टॅप होऊनच येतात, म्हणजे त्या टर्नला वापरता येत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या टर्नला हे फार जाचतं. माना देणारी सोल रिंग आणि कमांड टॉवर ही कार्डं पेटीतच आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. पैसे घालायचेच असतील तर मोठ्या राक्षसांच्या आधी जमिनींवर घाला.

दोघंच उरल्यावर डेकची धार जाते. दुसरं कुणी नसल्यामुळे समोरच्याची क्रीचर मग माझ्याच अंगावर येतात. तेव्हा ब्लॉकर राखूनच कार्डूर काढायचा. घरात दोघंच खेळणारे असाल तर हा डेक घेऊ नका, अटार्काचा घ्या.