पिवळ्या दिव्याचं निमित्त करून माझ्या गाडीचा चांगला कन्व्हर्टर पळवला

मी खाजगी पशुवैद्यक आहे. कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. बालिंगा, सांगरूळ, कळे या पट्ट्यातल्या गोठ्यांवर रोजचं जाणं-येणं असतं. रात्री दोन वाजता म्हैस अडल्याचा फोन आला तरी गाडी काढावीच लागते. गाडी ऐनवेळी दगा देईल ही धास्ती माझ्या मनात कायम असते, आणि ज्यानं मला फसवलं त्यानं नेमकी हीच धास्ती हेरली. माझे जवळपास ऐंशी हजार रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो आहे.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली, गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं आणि माझी २०१७ची पेट्रोल गाडी पाच दिवस घरासमोर जागची हलली नाही. त्या दिवसांत मी फोनवरूनच औषधं सांगत होतो. पाणी उतरल्यावर गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच ओढत होती. ना आवाज, ना धक्के. दिवा एकसारखा लागलेला होता, लुकलुकत नव्हता. हा फरक किती महत्त्वाचा असतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ओळखीच्या एकानं शहरातलं एक गॅरेज सुचवलं. मोठं शेड, दोन रॅम्प, बाहेर स्कॅनिंगची पाटी. मालकानं स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला टॅबलेट जोडला, पडद्यावर तांबड्या ओळी आल्या. मी वाकून बघेपर्यंत त्यानं टॅबलेट फिरवून घेतला.

"डॉक्टर, लई मोठं काम हाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय. सेन्सरबी गेलाय. असंच चालवलासा तर गगनबावड्याच्या घाटात इंजिन सीज हुईल."

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर साफ करणारा, गाडीखालचा डबा. कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, काय आला, असं मी विचारलं होतं. "ते आमच्या भाषेत असतंय हो, तुम्हाला काय कळणार नाही," असं म्हणून त्यानं विषय टाळला. त्याच क्षणी मी किल्ली परत घ्यायला हवी होती. पण त्या संध्याकाळी मला कळ्याला एका गाभण म्हशीकडं जायचं होतं, आणि घाट, सीज (म्हणजे इंजिन जाम होणं) असे शब्द ऐकून मी घाबरलो.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. कन्व्हर्टर २८,५००, सेन्सर ७,८००, मजुरी ३,५०० आणि ईसीएम, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रॅमिंगचे २,५००, असे एकूण ४२,३०० रुपये. हा हिशोब एका वहीच्या फाटक्या कागदावर होता. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना जीएसटी क्रमांक. वीस हजार यूपीआयनं दिले, तेही तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर गेले. बाकीचे रोख घेतले. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वाढतील, असं तो म्हणाला आणि मी गप्प बसलो. रॅम्पवर गाडी उचलून त्यानं खालचा चंदेरी, चकचकीत डबा मला दाखवला होता. जुना भाग मागितला तर "तो कंपनीला परत जातोय" असं उत्तर मिळालं.

दिवा विझला होता. चार दिवसांनी परत लागला. गॅरेजवाल्यानं टॅबलेट जोडून तो पुन्हा घालवला. "नवीन माल हाय, सेटिंग बसायला येळ लागतोय." या दिवसांत गाडी उभी असताना धुराचा उग्र वास यायचा, डोळे चुरचुरायचे. तेही नवेपणाचंच, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यांदा दिवा लागल्यावर तो म्हणाला की ईसीएम गेलाय, आणखी २२,००० लागतील. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले.

मी रोज आजारी जनावरं बघतो. थर्मामीटरनं ताप आहे एवढं समजतं. तो गोचीडतापाचा आहे, स्तनदाहाचा आहे की वेताच्या वेळी वार अडकल्याचा, ते तपासून शोधावं लागतं. ताप दिसला म्हणून कुणी कास कापायला निघत नाही. आणि इथं माझ्याच गाडीचा एक एक अवयव काढायला मी परवानगी देत होतो, तेही तापाचा आकडासुद्धा न बघता.

उद्यमनगरातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव मला एका दूध संस्थेच्या सचिवानं सांगितलं. ज्या गावात ऑइल इंजिनं घडली, जिथल्या फौंड्रीतलं कास्टिंग देशभर जातं, त्या गावात मन लावून काम करणारी माणसं आजही आहेत. फक्त त्यांच्या दारात मोठ्या पाट्या नसतात. या इलेक्ट्रिशियनना मी मामा म्हणतो. मामांनी आधी मलाच प्रश्न विचारले. दिवा कधी लागला, त्याआधी गाडी कुठं होती, पेट्रोल कुठं भरलं, पावसात किती दिवस उभी होती. मग स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडं वळवला. कोड होता पी०१४१.

हा कोड कन्व्हर्टरचा नाहीच. कन्व्हर्टरच्या मागं जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला लवकर गरम करणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच तो सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, फ्यूज, सगळंच. यातलं नेमकं काय बिघडलंय ते कोड सांगत नाही, ते मीटर लावूनच कळतं. मामांनी मल्टिमीटर घेतला. सेन्सरच्या प्लगला हीटरचा बारा व्होल्ट सप्लाय येतच नव्हता. वायर मागं मागं तपासत ते इंजिनाच्या बाजूला आले आणि हात थांबला. तिथं उंदराच्या लेंड्या, वाळलेल्या गवताचा गोळा आणि कुरतडलेली वायर. पावसाचे ते पाच दिवस उंदरांनी बॉनेटखाली काढले होते. वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, सहाशे रुपये घेतले. सेन्सर मात्र बदललेलाच नव्हता. जुनाच, तारेच्या ब्रशनं घासून परत बसवलेला. आट्यांवर गंज तसाच होता.

मला वाटलं, चला, निदान कन्व्हर्टर तरी नवा मिळाला. पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागला.

या वेळी कोड आला पी०४२०. याचा अर्थ कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाही. हा आधी का आला नव्हता, ते मामांनी समजावलं. मागच्या सेन्सरच्या सर्किटमध्येच बिघाड असला की गाडीचा कॉम्प्युटर कन्व्हर्टरची परीक्षा घेतच नाही, कारण परीक्षा घेणारा तोच सेन्सर. वायर जोडली, परीक्षा झाली, आणि नापासाचा निकाल आला. त्यांनी दोन्ही सेन्सरचे चालू आकडे दाखवले. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होतो, ते बरोबरच. पण कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा सेन्सर बराचसा स्थिर राहायला हवा. माझ्या गाडीत मागचा पुढच्याची हुबेहूब नक्कल करत होता. याचा अर्थ मध्ये काही नव्हतंच.

त्यांनी रबरी हातोडीनं डबा वाजवला. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. चंदेरी रंग उष्णतेनं उडाला होता, खालून जुनं गंजलेलं लोखंड आणि ताज्या वेल्डिंगची रेघ दिसत होती. डबा माझाच होता. तो कापून आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी काढून घेतली होती, रिकामा डबा वेल्ड करून वर रंग मारला होता. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो आणि भंगारात तिला चांगला भाव मिळतो. म्हणजे त्या माणसानं माझ्याकडून ४२,३०० घेतले आणि वर माझाच चांगला भाग काढून विकला. पीयूसीला गाडी नापास झाली. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पक्क्या बिलावर नवा कन्व्हर्टर बसवला, त्याचे ३६,८०० गेले.

पैशांपेक्षा एक गोष्ट मला जास्त लागली आहे. सांगरूळच्या माझ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला मीच तो पहिला दिवा विझल्यावर त्या गॅरेजचं नाव सांगितलं होतं. त्याच्या गाडीचंही काम तिथंच झालं. आता तिचाही डबा वाजवून बघायला मी त्याला उद्यमनगरात घेऊन गेलो. नशिबानं तो भरलेला निघाला, पण त्याच्या समोर उभं राहताना माझी मान खाली गेली होती.

तुमच्या गाडीचा हा दिवा लागला तर आधी तो कसा लागलाय ते बघा. पिवळा आणि स्थिर असेल, गाडी नीट चालत असेल, तर सहसा दोन-चार दिवस शांतपणे तपासणी करायला वेळ असतो. घाई करायला लावणाऱ्याचं ऐकू नका. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खरोखरच जाळू शकतं. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागला तर लगेच थांबा, इंजिन बंद करा.

कोड पुसायच्या आधी पडद्याचा फोटो काढा. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणी कॉम्प्युटरनं नोंदवलेली इंजिनाची स्थितीही त्याच्याबरोबर पुसली जाते, आणि पुढच्या मेकॅनिकला काही धागा उरत नाही. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असंही नाही. बरेच बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा पुन्हा लागतो, त्यामुळं मधले तीन-चार दिवस फसवणाऱ्याला फुकट मिळतात. मी आता ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घेतला आहे. हजार रुपयांच्या आत मिळाला, तो सोळा पिनांच्या त्याच सॉकेटला बसतो आणि कोड मोबाईलवर दाखवतो. आणि जुना भाग तुमचा आहे. काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा की तो डिकीत ठेवायचा.

मी त्या गॅरेजवर परत गेलो तेव्हा मालकानं मला ओळखलंच नाही, असं दाखवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस दिली आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. माझी अडचण एकच आहे, पक्कं बिल नाही. यूपीआयची नोंद, वहीचा तो कागद, रॅम्पवर काढलेला चंदेरी डब्याचा फोटो आणि मामांनी लिहून दिलेला तपासणीचा कागद, एवढ्यावर मी उभा आहे.

पोकळ डबा सर्व्हिस सेंटरमधून मागून आणला आहे. कुरतडलेल्या वायरच्या तुकड्यासह तो पोत्यात बांधून दवाखान्यात, औषधांच्या कपाटाखाली ठेवलाय. तारखेला तो घेऊन जाणार आहे.