एटी-एलपी१२०एक्स आणि जुन्या ख्यालाच्या एलपी : बरेच महिने वापरल्यानंतर

टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनची, परीक्षणं बहुतेक वेळा रॉक किंवा जॅझच्या नव्या, जाडजूड रेकॉर्ड लावून लिहिलेली असतात. आपल्या कपाटातल्या रेकॉर्डचा मामला निराळा. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा ख्याल, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वाजणारा तानपुरा, बाजू संपत आली की द्रुत आणि सपाट ताना, आणि हे सगळं पन्नासेक पावसाळे पाहिलेल्या खाचेत. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्सयूएसबी हे मशीन अशाच रेकॉर्डवर, एक पूर्ण पावसाळा धरून वापरल्यानंतर काय दिसलं ते इथे लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो. मशीन चांगलं आहे. पण ख्याल ऐकणाऱ्याचा खरा खर्च आणि कष्ट सुईवर आणि धुण्यावर व्हायला हवेत, मशीन त्यानंतर येतं.

मशीनची ओळख थोडक्यात. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्टा नाही, बदलायची कटकट नाही. वेग तीन, मिनिटाला फेरे : ३३⅓, ४५ आणि ७८. एस आकाराचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा), त्याच्या टोकाला सुटं होणारं हेडशेल, त्यावर एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी). आत फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) आहे आणि तो मागच्या बटणाने बंद करता येतो. हे बटण नीट बघा. आतला प्रीअँप चालू ठेवून वायर अँप्लिफायरच्या ‘फोनो’ खोबणीत लावली तर आवाज फाटतो, आणि लोक रेकॉर्डला दोष देत बसतात. बटण ‘लाइन’वर असेल तर वायर अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ खोबणीत, ‘फोनो’वर असेल तर ‘फोनो’ खोबणीत, इतकंच.

जोडणीत वेळ घालवायचा तो टोनआर्मवर. अँटी-स्केट (आर्मची आतल्या बाजूला सरकण्याची ओढ रोखणारी चावी) शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवत आर्म आडवा तरंगता करायचा, मग वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणायची, आणि मग वजन व चकती एकत्र फिरवून २ ग्रॅमवर यायचं. व्हीएम९५ईची मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम आहे. त्यानंतर अँटी-स्केटही २ वर. चकतीवर पूर्ण विश्वास न ठेवता ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याची ताटली लोखंडी नको, कारण कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि वजन चुकीचं दिसतं. आणि ताटलीची उंची रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतकी हवी.

सोबत येणारी फेल्टची चकती थंडीच्या कोरड्या दिवसांत रेकॉर्डला चिकटून वर येते, ते स्थिर विजेमुळे. रबराची किंवा कॉर्कची चकती घातली की प्रश्न मिटतो.

आता तानपुऱ्याकडे. षड्ज-पंचम सतत वाजत असल्यामुळे वेगातली बारीकशी डुलकीही लपत नाही. गिटार-ड्रमच्या रेकॉर्डवर जे कानाआड होतं ते इथे ‘सा’ हलल्यासारखं ऐकू येतं. अशा वेळी पहिला संशय मोटरवर जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. या मशीनचा जाहीर वॉव-फ्लटर (वेगातला चढउतार) ०.२ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे स्वरात तीन-साडेतीन सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). खरा गुन्हेगार रेकॉर्डचं भोक. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच भारतीय छापाच्या रेकॉर्डमध्ये ते नेमकं मधोमध नसतं. १ मिलिमीटर सरकलेलं भोक रेकॉर्डच्या मध्यभागी स्वर १ टक्का वर आणि १ टक्का खाली नेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १७ सेंट. लेबलजवळ हेच २९ सेंटपर्यंत जातं. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, साधारण २२ सेंटची, तेव्हा गाडी कुठे पोचली ते ध्यानात येईल. हा झोका दर १.८ सेकंदांनी येतो, कारण ३३⅓ला एक फेरा तेवढ्या वेळाचा असतो.

ओळखायची रीत सोपी आहे. समोर उभं राहून हेडशेलकडे पाहा. ते डावी-उजवीकडे डोलत असेल तर भोक चुकलंय, वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलीय. दोन्ही नसून स्वर हलत असेल आणि प्रत्येक रेकॉर्डला हलत असेल, तरच मशीन तपासा. गोल कानशीने भोक किंचित मोठं करून रेकॉर्ड हाताने मध्यावर आणणारे लोक आहेत. युक्ती चालते, पण पुन्हा न मिळणाऱ्या रेकॉर्डवर कानस चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाजूच्या शेवटाची. रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने, पण खाच सुईखालून सरकते ती बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. ख्यालाची मांडणी नेमकी याच्या उलट. विलंबितातली शांत बढत ऐसपैस जागेत, आणि तार सप्तकातल्या जोरकस ताना, तबल्याची लग्गी, सरोदचा झाला हे सगळं चिंचोळ्या जागेत. म्हणून बाजू संपताना ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात, तारसप्तकातला आकार चरचरतो. ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्ड झिजली. कधी झिजलेली असतेही, पण बऱ्याच वेळा सुईचं टोकच त्या नागमोडीत बसण्याइतकं बारीक नसतं.

उपाय दोन टप्प्यांत. आधी कार्ट्रिजची बैठक. कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची छापील जाळी) छापून रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा जाळीशी समांतर येईपर्यंत स्क्रू सैल करून सरकवायची. छापताना मापं खरी उतरली आहेत का ते पट्टीने मोजा. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणून गुपचूप लहान करतो. एवढ्यानेही चरचर बरीच कमी होते. दुसरा टप्पा सुई बदलण्याचा. व्हीएम९५ची सगळी टोकं एकाच कार्ट्रिजवर बसतात, जुनी सुई ओढून काढायची आणि नवी दाबून बसवायची, स्क्रूला हात लावायचा नाही. मूळची हिरवी ‘ई’ म्हणजे लंबवर्तुळाकार टोक, ०.३ × ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याजागी अधिक बारीक टोकाची मायक्रोलिनियर ‘एमएल’ घातली की द्रुत खुलतं. तान दाणेदार ऐकू येते, बोलतानांतली अक्षरं वेगळी होतात. वजन तेच, २ ग्रॅम. शिवाय एक अनपेक्षित फायदा होतो. जुन्या पोर्टेबल प्लेयरच्या जड, बोथट सुयांनी खाचेचा जो पट्टा घासून ठेवलाय, त्याच्या वर-खालचा शाबूत भाग हे बारीक टोक वाचतं. ‘संपली’ म्हणून बाजूला ठेवलेल्या काही एलपी त्यामुळे ऐकण्यालायक होतात. सगळ्या नव्हे. खाच राखाडी, निस्तेज दिसत असेल तर कुठलीही सुई ती परत आणत नाही.

आयुष्याचा हिशेबही एमएलच्या बाजूचा आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लंबवर्तुळाकार टोक ३०० तास, एमएल १००० तास. पाऊण तासाची एक एलपी धरली तर ३०० तास म्हणजे ४०० एलपी. रोज एक ऐकणाऱ्याची सुई वर्षभरात जवळजवळ संपली. तास लिहून ठेवायला एक चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा.

साठच्या दशकातल्या शास्त्रीय एलपी बऱ्याचशा मोनो आहेत. एचएमव्हीच्या लेबलवर ईएएलपी असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड दोन वाहिन्यांत ऐकणं म्हणजे फुकटची खरखर ऐकणं. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसता कचरा. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभा कचरा एकमेकांना छेदतो आणि गायकाच्या मागची जागा मोकळी होते. अँप्लिफायरला मोनो बटण असेल तर ते दाबा. नसेल तर आतला प्रीअँप बंद करून, कार्ट्रिजच्या वायर आणि बाहेरचा प्रीअँप यांच्या मधे दोन वाय-जोड लावावेत, एक दोन्ही वाहिन्या एकत्र करणारा आणि दुसरा त्या पुन्हा दोन्हीकडे देणारा. नंतरच्या काळात मोनोचंच ‘इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ’ करून काढलेल्या रेकॉर्डनाही मोनोच लावा, त्यातली पोकळ घुमी निघून जाते.

घूं आवाजाबद्दल. अर्थिंगची वायर प्रीअँपच्या किंवा अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट हवी. ती लावूनही ५० हर्ट्झची गुणगुण राहिली तर घरातल्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक शोभेचं असतं. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मशीन चाललं तरी स्पीकरमधून करकर येते. ती वेळ रेकॉर्ड पुसण्यासाठी वापरावी.

आता धुणं. कोकणपट्टीत आणि मुंबईत रेकॉर्डवर पांढरट ठिपके दिसतात ती बुरशी. ती खाचेत मूळ धरते आणि कोरड्या ब्रशने फक्त पसरते. कार्बन ब्रश रोजच्या धुळीपुरता. बुरशीला ओलं धुणंच लागतं. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० ते १५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या कामातलं वेटिंग एजंट (पाणी पसरवणारं द्रव्य) दोनच थेंब. आरओचं पाणी नको, उरलेले क्षार खाचेत वाळून टिकटिकतात. भांड्यांचा साबण तर नकोच. लेबल झाकून, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मध्यापासून कडेकडे आडवा कधीही नाही. दोन मिनिटं भिजू द्यायचं, पुन्हा फिरवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून काढायचं. वाळवायला ताटाळं उत्तम, त्याच्या सळ्यांवर सुती कापड टाकून. पंख्याखाली वाळवलं तर पंख्याची धूळ पुन्हा चिकटते. धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवताना सुईवर राखाडी गोळा जमतो. तो मागून पुढे, सुईच्या ब्रशने काढायचा; तो तसाच ठेवून ‘धुऊनही खरखर जात नाही’ म्हणू नये.

जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या फेकून नव्या अँटीस्टॅटिक पिशव्या घालाव्यात, कव्हर मात्र जपावं. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं, फळी तशी हवी. पत्र्याखालचा माळा म्हणजे वाकलेल्या रेकॉर्डचा कारखाना.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेताना फोनचा टॉर्च तिरपा धरून पाहा. नखाला लागत नाहीत अशा केसासारख्या रेघा चालतील. भोकाभोवती लेबलवर पांढरे ओरखडे दाट असतील तर रेकॉर्ड खूप वाजलीय. आणि बाजूचा शेवटचा सेंटीमीटर आधी बघा, झीज तिथे पहिली दिसते.

७८च्या रेकॉर्ड, म्हणजे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची नाट्यपदं, आपल्याकडे लाखेच्या तबकड्यांवर सत्तरच्या सुमारापर्यंत निघत होत्या. मशीनला ७८ आहे म्हणून तीच सुई टेकवू नका. ती खाच एलपीच्या खाचेच्या साधारण तिप्पट रुंद असते, बारीक टोक तळाशी जाऊन नुसता गाळ वाचतं. याच कार्ट्रिजवर बसणारी ‘एसपी’ सुई घ्यावी, ३ मिलची. तिला ४.५ ते ५.५ ग्रॅम लागतात आणि आकड्यांची चकती ४ वर संपते, म्हणून पुढचं काम काट्यावरच करायचं. लाखेला अल्कोहोल म्हणजे विष, पृष्ठभाग विरघळतो. नुसतं डिस्टिल्ड पाणी, तेही झटपट, आणि लगेच पुसून कोरडी. प्रीअँपमधली आरआयएए सुधारणा (रेकॉर्ड कापताना बदललेला खर्ज-तीव्र आवाजाचा तोल परत आणणारी) १९५४ नंतरच्या रेकॉर्डसाठी आहे, त्यामुळे जुनं ७८ दबलेलं ऐकू येतं. ट्रेबल थोडा वाढवावा.

पिचची पट्टी डीजेंसाठी दिलेली, पण रियाज करणाऱ्यांना वरदान. ±८ टक्क्यांच्या टप्प्यात अर्धा सूर सहज मिळतो. काळी एकमधली बंदिश पांढरी दोनला आणायची तर ६ टक्के वाढवा. लय तेवढीच चढते, हे गृहीत धरा.

यूएसबीने संगणकात घ्यायचं तर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सर्वांत जोरकस तान -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आणि टिकटिक काढण्याचं स्वयंचलित साधन पूर्ण बाजूवर चालवू नका. तबल्याच्या चाटीवरचा आघात आणि सरोदची जव्याची टोच त्याला ओरखडाच वाटते, आणि ते ती गुळगुळीत करून टाकतं. ओरखडे एकेक निवडून हातानेच काढावेत.