युरोपास: जर्मनीच्या अर्जासाठी सीव्ही करायचा असेल तर

जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना मी पुण्यात जर्मन शिकवते. बी-वन या मधल्या पातळीची जर्मनची परीक्षा झाली, की "मॅडम, सीव्ही कुठे करायचा?" हा प्रश्न येतोच. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियन मुलंही हेच विचारतात. मी सगळ्यांना युरोपास या सीव्ही बनवायच्या संकेतस्थळावर पाठवते. युरोपियन आयोगाची ही सेवा २००५पासून चालू आहे, जुलै २०२०मध्ये ती नव्या रूपात आली आणि तिला एक पैसाही लागत नाही. सीव्ही करून देण्याचे हजारो रुपये मागणाऱ्यांकडे जाण्याआधी एकदा इथे बसावं, असं मला मनापासून वाटतं.

युरोपासची सर्वांत चांगली सोय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इथे प्रोफाइल वेगळं आणि सीव्ही वेगळा. प्रोफाइलमध्ये सगळं भरून ठेवा: जीएनएम या नर्सिंग पदविकेची तीन वर्षं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, प्रत्येक नोकरी, प्रत्येक कार्यशाळा. मग सीव्ही बनवताना त्यातलं हवं तेवढंच निवडा. वृद्धाश्रमासाठी एक सीव्ही, अतिदक्षता विभागासाठी दुसरा. काही कायमचं खोडायचं नसल्यामुळे मजकूर कापायला मुलींचा हात धजतो. सीव्ही दोन पानांत बसवायची खरी अडचण तीच असते, मेहनतीने मिळवलेलं काढून टाकायचं कसं?

आपल्याकडचा बायोडेटा आठवा. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, दहावीचे टक्के, छंदांत वाचन आणि संगीत, शेवटी "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे". युरोपासच्या चौकटीत यातल्या बऱ्याच गोष्टींना आपोआप जागा उरत नाही. नोकरीचा रकाना मात्र मोकळा आहे, आणि तिथेच पाल्हाळ शिरतं. "रुग्णांची काळजी घेणे, औषधे देणे, डॉक्टरांना मदत करणे" हे जगातली प्रत्येक नर्स करते. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी मी असं लिहून घेते: "अतिदक्षता विभाग, बारा खाटा. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, ट्रॅकिओस्टॉमीची निगा, रात्रपाळीत नव्या नर्सेसना प्रशिक्षण." दोन ओळी झाल्या, पण वॉर्डाच्या प्रमुखाला या बाईला कुठे उभं करायचं ते समजलं. सर्वांत अलीकडची नोकरी वर ठेवा, महिना-वर्ष लिहा, आणि मध्ये खंड असेल तर त्याचं कारण एका ओळीत द्या. तारखांमधली मोकळी जागा जर्मन माणूस हमखास विचारतो.

भाषेचा तक्ता उत्तम आहे. ऐकणं, वाचणं, संवाद, स्वतः बोलणं आणि लिहिणं यांची पातळी वेगवेगळी द्यायची असते, ए-वन ते सी-टू. इथे खरंच लिहा. बी-वन असताना बी-टू लिहिलं, तर व्हिडिओ मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. मातृभाषा म्हणून मराठी लिहायला लाजू नका.

उणिवाही सांगते. मांडणीचे नमुने मोजकेच आहेत आणि ते जागा खातात. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या नर्सला दोन पानांत बसायला झगडावं लागतं. संगणक कौशल्यं, वाहन परवाना, छंद असे रकाने समोर दिसले की ते भरावेसे वाटतात. ड्रायव्हरला परवान्याचा रकाना हवाच, वॉर्डातल्या नर्सला बहुधा नको. जर्मनीत फोटोची सक्ती नाही, पण पद्धत अजून आहे, म्हणून साधा, समोरून काढलेला लावा; साडीतला लग्नाचा कापून लावू नका.

खातं न उघडता पाहुणा म्हणूनही सीव्ही करता येतो, पण मग माहिती तिथे साठत नाही. तशा वेळी पीडीएफ नीट जपून ठेवा, कारण तीच परत चढवली की सगळं पुन्हा दुरुस्तीसाठी उघडतं. सायबर कॅफेत बसून करणाऱ्या मुलींना मी ती स्वतःलाच ईमेल करायला लावते. फाइलचं नाव आडनाव, नाव आणि "लेबेन्सलाऊफ" (जर्मनमध्ये सीव्ही) एवढंच ठेवा. "फायनल न्यू टू" अशा नावाची फाइल रुग्णालयाच्या कचेरीत कोणाची ते ओळखू येत नाही.