मी 2009 ला बेशुद्ध पडले होते: नर्सेससाठीच्या इंग्रजी क्लासचा अनुभव

पहिल्या दिवशी मॅडमनी ओळख करून द्यायला सांगितली. मी ठोकून दिलं, "आय पास्ड आउट इन 2009." कुणालाच काही खटकलं नाही, कारण आपल्याकडे सगळे असेच पास आउट झालेले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग शुद्धीवर कधी आलात?" इंग्लंडात पेशंट पास आउट झाला म्हणजे चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आला की 'कम राउंड'. माझे साडेसहा हजार निम्मे तिथेच वसूल झाले.

मी मिरजेत सर्जिकल वॉर्डला आहे. यूकेत नर्स म्हणून रजिस्ट्रेशनसाठी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची म्हणून हा आठ आठवड्यांचा ऑनलाइन क्लास लावला. (नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.) लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 350 आणि रायटिंगला 300 गुण लागतात. ग्रामरचं मला भय नव्हतं, अडायचं ते पेशंटच्या बोलण्यावर. उलटी झाली तर तो 'व्हॉमिट' म्हणत बसत नाही, 'थ्रू अप' म्हणतो. 'ब्रिंग अप' तर भलताच चावट. मूल वाढवणं तेच, विषय काढणं तेच आणि कफ पडणंही तेच. सरावाच्या ऑडिओत एक आजोबा काहीतरी 'ब्रॉट अप' करत होते, मी त्यांच्या पोराबाळांची नोंद करून मोकळी.

मॅडमची खुबी अशी की प्रत्येक शब्दप्रयोग त्या पेशंट होऊन बोलून दाखवायच्या आणि आम्ही आपल्या वॉर्डातलं वाक्य शोधायचं. 'आय हॅव गॉन ऑफ माय फूड' ऐकलं आणि खाट नंबर सातवरच्या आजी डोळ्यांपुढे आल्या, "सिस्टर, अन्नावरची वासनाच उडालीय गं." 'स्पेंड अ पेनी' म्हणजे आपलं एकीला जाऊन येणं. तिकडे सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनी टाकावी लागायची, त्यावरून आलेलं. आणि 'वॉटरवर्क्स'चा त्रास म्हणजे नळाला पाणी नाही असं नव्हे, लघवीची तक्रार. असं एकदा जुळलं की पाठ करावं लागत नाही.

मग साठ पानांची पीडीएफ कशाला दिली, देव जाणे. ए पासून झेडपर्यंत नुसती यादी. त्यात कुत्र्यामांजरांचा पाऊसही आहे. वॉर्डात कोण बोलणार आहे ते?

खरी चीड पत्रलेखनाची. रोल-प्लेमध्ये शाबासकी मिळवून देणारं 'थ्रू अप' मी रेफरल लेटरमध्येही लिहिलं आणि तपासनिसाने लाल केलं. पत्रात 'व्हॉमिटेड'च हवं. बोलायची भाषा वेगळी, डॉक्टरला लिहायची वेगळी, हे सातव्या आठवड्यात कळून काय उपयोग? बॅचमध्ये चाळीस जणी, त्यामुळे बोलायची पाळी मला दोनदाच आली. रेकॉर्डिंग सात दिवसांत उडवतात. माझी नाइट लागली त्या आठवड्याचे दोन तास बुडाले ते बुडालेच.

पाचपैकी साडेतीन, आणि ते सगळे मॅडमचे. पैसे भरायच्या आधी त्याच शिकवणार आहेत का ते विचारून घ्या. शनिवारी दुसरे सर असतात, ते पीडीएफ वाचून दाखवतात.