सुकी मुशी घ्यावी की बोंबील?

रोवणीच्या तोंडावर सुक्सीची, म्हणजे सुक्या मासळीची, बेगमी करायची म्हटलं की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात मी दोन पोत्यांपुढे घुटमळायचो: मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, खारवलेल्या पट्ट्या की बोंबील? पंधरा-सोळा वर्षं दोन्ही नेले. आता एकावर आलो आहे.

चवीला मुशी उजवी, हे मान्य. बारीक काटा नाही, त्यामुळे लेकरांच्या ताटात बिनधोक वाढता येते. बोंबील पावसाळी हवेत लवकर नरम पडतात, त्यांना अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. दमट हवेत मुशीलाही वास सुटतो, ओल्या युरियाच्या पोत्याला येतो तसाच. तिच्या अंगात युरिया असतोच, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. पण गरम पाण्यात दोनदा धुतली की वास बराचसा जातो. तेवढ्यासाठी मी तिला सोडलं नसतं.

मला खुपलं ते वेगळंच. पट्टी कोणत्या मुशीची, हे कळायला मार्गच नाही. डोकं नाही, पर नाहीत, कातडीही सोललेली. दुकानवाल्या काकूंना विचारलं तर, "मुशी म्हणजे मुशी, भाऊ. वरून असंच येते." त्यांचा दोष नाही. पण फरक लहान नाही. फावड्यासारख्या चपट्या नाकाची छोटी मुशी वर्ष-दोन वर्षांत वयात येते. काही मोठ्या जातींना त्यासाठी 15-20 वर्षं लागतात, आणि मग पिलंही मोजकीच. त्याआधीच जाळ्यात आली तर तिच्यामागे कोणीच उरत नाही. आपल्या तलावात मासा कमी झाला तर सोसायटी पुढच्या पावसाळ्यात कटला-रोहूचं बीज सोडते. मुशीचं बीज आणायचं कुठून?

सुरुवातीला पट्ट्या तळहाताएवढ्या रुंद मिळायच्या, आता दोन बोटांच्या मिळतात. एका पोत्यावरून समुद्र मोजता येत नाही, मधे व्यापारीही बदलला असेल. पण अभ्यासकांचा हिशेबही तिकडेच जातो: खुल्या समुद्रातल्या मुशी आणि पाकटांची (त्यांच्याच नात्यातल्या चपट्या माशांची) संख्या 1970 ते 2018 या काळात 71 टक्क्यांनी घटली, आणि मुख्य कारण बेसुमार मासेमारी. मोठ्या संपल्या की लहानांनी पोतं भरतं. वजनकाट्यावर काहीच कळत नाही.

बोंबील लवकर वयात येतो, अंडीही हजारोंनी घालतो, म्हणून मासेमारीचा भार तो जास्त सोसू शकतो असं मला वाटतं. त्याचंही सगळं ठीक आहे असं नाही. तो धरायच्या डोल जाळ्याची आस, म्हणजे भोकं, बारीक, त्यात पिलंही येतात. तरी पिशवीत काय पडलं, हे डोळ्यांना दिसतं: डोकं, जबडा, शेपूट, सगळं जागच्या जागी.

घरी मुशीचाच हट्ट असेल, तर पट्टी नको. डोक्यासकट वाळवलेली, चपट्या नाकाची छोटी मुशी मिळाली तर बघा. ती नसेल त्या बाजारी मी अर्धा किलो बोंबील घेऊन येतो.